सातवाहनकालीन मृण्मय बाहुल्यांची केशरचना : मूळ रूप व रंग ओळखण्याच्या कसोट्या
(विशेष संदर्भ : पैठण, तेर व अजिंठा)

प्रस्तावना :

प्राचीन समाजाच्या वेशभूषेचा अभ्यास करताना वस्त्रे व अलंकार यांचा जेवढा विचार होतो, तेवढा केशरचनेचा होत नाही. वास्तविक कापड कुजते, सोने वितळवले जाते, परंतु त्यांचे काही अवशेष तरी हाती लागतात. केशरचना मात्र ती करणाऱ्या माणसाबरोबरच नाहीशी होते. तिचा पुरावा मूर्ती, नाणी, चित्रे व वाङ्मय यांतूनच गोळा करावा लागतो. मराठवाड्यात असा पुरावा विपुल आहे. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील पैठण, धाराशिव जिल्ह्यातील तेर आणि जालना जिल्ह्यातील भोकरदन ही सातवाहन काळातील भरभराटीची नगरे होती. या स्थळांवर, विशेषतः पैठण व तेर येथे, मिळालेल्या भाजक्या मातीच्या लहान स्त्री-पुरुष मूर्ती, ज्यांना ग्रामस्थ सहजपणे ‘बाहुल्या’ म्हणतात, त्या काळच्या नागर जीवनाचा आरसाच आहेत.

तथापि या मूर्ती आज ज्या अवस्थेत दिसतात ती त्यांची मूळ अवस्था नव्हे. काहींचे केवळ मस्तक उरले आहे, काहींचा मागील अर्धा भाग निखळला आहे, तर काहींवरील रंग व लेप झिजून गेला आहे. अशा स्थितीत दिसणारी केशरचना मूळची कोणती आणि झीज, भाजणी अथवा दुरुस्ती यांमुळे निर्माण झालेली कोणती, हा प्रश्न उभा राहतो. या प्रश्नाचे उत्तर चुकले तर कालनिर्णय, परकीय प्रभाव व सामाजिक दर्जा यांविषयीची अनुमानेही चुकतात.

उद्दिष्टे :

१) मृण्मय मूर्तींवरील मूळ केशरचना ओळखण्याच्या कसोट्या निश्चित करणे.
२) केसांच्या रंगाविषयीच्या पुराव्याची चिकित्सा करणे.
३) केशरचनेच्या आधारे होणाऱ्या कालनिर्णयाच्या मर्यादा स्पष्ट करणे.

अभ्यासक्षेत्र व साधने :

इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवृत्तात पैठण व तेर यांचा उल्लेख आहे. बरिगाझा म्हणजे भडोचपासून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर, तर पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर म्हणजे तेर, असे त्यात म्हटले आहे. पैठण येथे १९३७ मध्ये हैदराबाद संस्थानच्या पुरातत्त्व खात्यामार्फत गुलाम याझदानी यांनी उत्खनन केले. तेर येथे १९५८ मध्ये बा. ना. चापेकर यांनी केलेल्या उत्खननाचा अहवाल १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला. भोकरदन येथे १९७३ मध्ये नागपूर व मराठवाडा या दोन विद्यापीठांनी संयुक्त उत्खनन केले. शां. भा. देव व र. शं. गुप्ते यांनी त्याचा अहवाल सिद्ध केला.

उत्खननाव्यतिरिक्त आणखी एक मोठा संग्रह स्थानिक व्यक्तींच्या चिकाटीतून उभा राहिला. तेर येथील रामलिंगप्पा लामतुरे आणि पैठण येथील बाळासाहेब पाटील यांनी जमविलेल्या वस्तूंमधून त्या त्या गावी शासकीय वस्तुसंग्रहालये आकारास आली. या संग्रहांचे मोल निर्विवाद आहे. मात्र पांढरीच्या टेकाडांवर पावसाळ्यानंतर उघड्या पडलेल्या वस्तू कोणत्या थरातील आहेत हे सांगता येत नाही. म्हणूनच अशा वस्तूंच्या बाबतीत केशरचनेसारख्या अंतर्गत लक्षणांवर अभ्यासकांना अधिक विसंबावे लागते, आणि तेथेच सावधगिरीची अधिक गरज असते.

केशरचनेची परिभाषा :

केशरचनेचे वर्णन करताना शब्दांची निश्चिती आवश्यक आहे. अमरकोशात केशरचनेसाठी ‘कबरी’, बांधून ठेवलेल्या केसांसाठी ‘धम्मिल्ल’, तसेच ‘वेणी’, ‘शिखा’, ‘जटा’, ‘अलक’ असे निरनिराळे शब्द आले आहेत. मराठीतही अंबाडा, खोपा, बुचडा, वेणी, भांग, बट, झुलपे, शेंडी असे नेमके शब्द आहेत. असे असताना अनेक वर्णनांत ‘आकर्षक केशरचना’ एवढाच मोघम उल्लेख आढळतो. अशा उल्लेखावरून दोन स्थळांवरील मूर्तींची तुलना करता येत नाही. भांग आहे की नाही, कपाळावर बटा आहेत काय, केसांची गाठ माथ्यावर, मानेवर की बाजूला आहे, आणि फुलांची माळ केसांभोवती आहे की केसांत गुंफलेली आहे, या चार गोष्टींची नोंद प्रत्येक वर्णनात असावयास हवी.

वात्स्यायनाच्या कामसूत्रातील चौसष्ट कलांच्या यादीत माळा गुंफणे, मस्तकावर पुष्पभूषणे रचणे आणि केशमर्दन यांचा समावेश आहे. केसांची निगा व सजावट हे त्या काळी स्वतंत्र कौशल्य मानले जात होते, हे यावरून स्पष्ट होते. मूर्तीच्या मस्तकावरील फुगीर भाग हा केसांचा, फुलांच्या शेखराचा की वस्त्राचा, हे ठरविताना ही बाब ध्यानात ठेवावी लागते. गंगावनासारखे कृत्रिम केस दाखवले आहेत काय, असाही प्रश्न विचारला जातो. परंतु केवळ केसांच्या विपुलतेवरून त्याचे होकारार्थी उत्तर देणे धाडसाचे ठरेल, कारण लहान आकाराच्या मूर्तीत मस्तकाचा भाग ठळक करणे ही कारागिराची सोय असू शकते.

साच्याची घडण आणि केशरचना :

विसाव्या शतकातील कारखानदारी बाहुल्यांत केस हा वेगळा जोडलेला भाग असतो. १९५९ मध्ये अमेरिकेत बाजारात आलेली बार्बी ही बाहुली सोनेरी व गडद अशा दोन केशरंगांत मिळत असे, आणि १९६३ मध्ये तिच्या एका प्रकारासोबत तीन सुटे टोप दिले जात. तेथे मूळ टोप कोणता आणि बदललेला कोणता, असा प्रश्न संग्राहकांपुढे असतो. सातवाहनकालीन मूर्तीत केस मस्तकाबरोबरच साच्यातून निघतात, त्यामुळे ते बदलणे शक्य नसते. पण म्हणून मूळ रूप ओळखणे सोपे होते असे मात्र नाही.

या काळातील उत्कृष्ट मूर्ती केओलिन या पांढऱ्या मातीच्या असून त्या दुहेरी साच्यातून काढलेल्या आहेत. पुढील व मागील भाग दोन वेगळ्या साच्यांत दाबून, ते ओले असतानाच एकमेकांस जोडले जात. त्यामुळे मूर्ती आतून पोकळ व वजनाने हलकी होई. दोन भागांची जोडरेघ मस्तकाच्या दोन्ही बाजूंनी जाते. माती जुनी झाल्यावर अनेकदा मूर्ती याच रेघेवर उकलते. अशा वेळी फक्त पुढचा भाग हाती आला, तर कपाळावरील बटा व भांग दिसतो, परंतु मानेवरचा अंबाडा अथवा पाठीवरील वेणी यांचा पुरावा नष्ट झालेला असतो. ‘या मूर्तीचे केस आखूड आहेत’ असे विधान करण्यापूर्वी जोडरेघेची कड तपासणे म्हणूनच अगत्याचे ठरते. कड उकललेली असेल तर केवळ ‘मागील रचना अज्ञात’ एवढीच नोंद करणे योग्य होय.

दुसरी बाब साच्याच्या झिजेची. एकाच साच्यातून अनेक मूर्ती काढल्या की बारीक रेषा बुजत जातात. तयार मूर्तीवरूनच नवा साचा घेतला, तर माती वाळताना व भाजताना आकसत असल्यामुळे पुढील मूर्ती आकाराने लहान व तपशिलाने पुसट होते. अशा पुसट मूर्तीवर कुरळ्या बटांच्या जागी सलग पट्टा दिसतो आणि तो टोपी किंवा शिरोवस्त्र समजला जाण्याचा संभव असतो. उलटपक्षी काही ठिकाणी कारागिराने साच्यातून काढल्यावर अणकुचीदार हत्याराने केसांच्या रेषा पुन्हा कोरलेल्या असतात. दाबून उठलेली रेषा गोलसर व कोरलेली रेषा धारदार कडांची असते, एवढा भेद भिंगातून सहज कळतो.

रंगाचा प्रश्न :

केओलिनमध्ये लोहाचे प्रमाण अल्प असल्याने ही माती भाजल्यावर पांढरट राहते, तर लोहयुक्त माती तांबूस होते. म्हणजेच मूर्तीचा दिसणारा रंग हा प्रथमतः मातीचा रंग होय. काही मूर्तींवर लाल लेपाचे अवशेष दिसतात. हा लेप केस, चेहरा व वस्त्र यांवर सारखाच असेल, तर त्याला केसांचा रंग म्हणता येणार नाही.

काळ्या रंगाबाबत अधिक दक्षता हवी. भट्टीत धूर कोंडल्याने मस्तकाचा भाग काळवंडू शकतो, तसेच जमिनीतील मँगनीजच्या संयुगांचे काळे डागही वस्तूवर बसतात. यावर एक साधी कसोटी लावता येते. काळेपणा केसांच्या सीमारेषेवर नेमका थांबत असेल, तर तो हेतुतः लावलेला रंग असण्याची शक्यता आहे. तो गालावर किंवा कानावर अनियमित पसरला असेल, तर तो भाजणीचा परिणाम असू शकतो. आणि तो तुटलेल्या कडेवरही असेल, तर तेवढा काळेपणा मूर्ती भंगल्यानंतरचा आहे, हे उघड होय. चुनखडीचे थर काढण्यासाठी सौम्य आम्लाने धुतलेल्या वस्तूंवरून मूळ रंगाचे कणही निघून जाऊ शकतात. म्हणून ‘रंग नव्हता’ आणि ‘रंग आढळत नाही’ ही दोन विधाने भिन्न मानली पाहिजेत.

केसांच्या रंगाचा प्रत्यक्ष पुरावा अजिंठ्याच्या भित्तिचित्रांत आहे. लेणे क्र. १० मधील प्राचीन चित्रे सातवाहन काळातील, तर लेणे क्र. १, २, १६ व १७ मधील चित्रे पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातील, वाकाटक काळातील आहेत. त्यांत काळ्या रंगासाठी काजळी, तांबड्या-पिवळ्यासाठी गेरू व पिवळी माती, आणि निळ्यासाठी बाहेरून आणलेला लाजवर्द वापरला आहे. परंतु येथेही आज दिसणारा रंग मूळचा असेलच असे नाही. निजाम सरकारच्या निमंत्रणावरून १९२० ते १९२२ या काळात सेक्कोनी व ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांनी चित्रे टिकविण्याचे मोठे काम केले, पण त्यांनी वापरलेला लाखेचा लेप कालांतराने पिवळा व गडद झाला. अशा लेपाखाली केसांत माळलेली पांढरी फुले पिवळी भासतात आणि बटांच्या सूक्ष्म रेषा काळ्या रंगात बुडून जातात. पुढे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने हा लेप काढण्याचे काम हाती घेतले. त्यामुळे स्वच्छतेपूर्वीच्या छायाचित्रांवरून केसांचा वा फुलांचा रंग ठरविणे धोक्याचे आहे.

जुन्या प्रतिकृती येथे साह्यभूत ठरल्या असत्या. परंतु रॉबर्ट गिल यांनी १८४४ नंतर केलेल्या बहुसंख्य प्रतिकृती १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत जळाल्या. १८७२ ते १८८५ या काळात जॉन ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या कला विद्यालयातील विद्यार्थ्यांच्या साह्याने केलेल्या प्रतिकृतींपैकीही अनेक १८८५ च्या आगीत नष्ट झाल्या. जे उरले ते मौल्यवान आहे, मात्र ती प्रतिकृतिकाराच्या नजरेतून आलेली साक्ष आहे याचे भान ठेवावे लागते.

मस्तक व धड यांची सांगड :

मान हा मूर्तीचा सर्वांत नाजूक भाग असल्याने मस्तके व धडे स्वतंत्रपणे सापडतात. सारख्या आकाराचे मस्तक व धड जोडण्याचा मोह स्वाभाविक आहे. तथापि मातीचा पोत, भिंतीची जाडी, जोडरेघेची दिशा आणि तुटलेल्या कडांची प्रत्यक्ष जुळणी या चारही गोष्टी पटल्याशिवाय ती जोडणी ग्राह्य धरू नये. तसे न केल्यास एका काळाची केशरचना दुसऱ्या काळाच्या वस्त्राबरोबर नांदू लागते आणि अस्तित्वात कधीच नसलेली ‘शैली’ ग्रंथांत रूढ होते.

भोकरदनची हस्तिदंती स्त्रीमूर्ती या दृष्टीने उद्बोधक आहे. १९३८ मध्ये इटलीतील पॉम्पेई येथे सापडलेल्या सुमारे २५ सेंमी उंचीच्या हस्तिदंती मूर्तीशी तिचे साम्य अभ्यासकांनी दाखवले आहे. दोन्ही मूर्तींच्या बाजूंस परिचारिका आहेत. भोकरदनच्या मूर्तीचा वरचा भाग मात्र उरलेला नाही. त्यामुळे हे साम्य अलंकार व मांडणीपुरते सिद्ध होते, केशरचनेपर्यंत ते ताणता येत नाही. पॉम्पेई नगर इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या उद्रेकात गाडले गेल्याने तेथील मूर्ती त्यापूर्वीची हे निश्चित आहे, आणि म्हणून त्या मूर्तीची केशरचना कालनिर्णयाचा एक पक्का टप्पा ठरते.

तुलनेची स्थिर साधने :

एखादी केशरचना पहिल्या शतकातील आहे असे ठरवावयाचे, आणि मग ती केशरचना असलेली प्रत्येक मूर्ती पहिल्या शतकातील म्हणावयाची, हा युक्तिवाद चक्राकार आहे. तो टाळण्यासाठी ज्यांचा काळ अन्य मार्गांनी ज्ञात आहे अशा साधनांशी तुलना करावी लागते. कार्ले व कान्हेरी येथील चैत्यगृहांतील दांपत्यशिल्पे जागची हललेली नाहीत आणि त्या लेण्यांत शिलालेख आहेत. वासिष्ठीपुत्र पुळुमावी व यज्ञ सातकर्णी यांच्या चांदीच्या नाण्यांवर राजाचे मस्तक व नाव दोन्ही आहेत. नाणी पुरुषांच्या केशरचनेपुरती आणि शिल्पे स्त्री-पुरुष दोहोंसाठी उपयोगी पडतात. रोमन प्रभावाचे विधानही याच मार्गाने पारखावे लागते. कपाळावरील उंच कुरळ्या बटा रोममधील फ्लेवियन काळातील (इ. स. ६९ ते ९६) स्त्रियांच्या प्रतिमांत ठळकपणे दिसतात हे खरे. परंतु कुरळ्या बटांचे भारतीय नावच ‘अलक’ असताना तेवढ्या साम्यावरून अनुकरण सिद्ध होत नाही. स्थळावर मिळालेल्या रोमन वस्तूंचा थर आणि मूर्तीचा थर एकच असेल, तेव्हाच अशा अनुमानाला बळ येते.

निष्कर्ष :

१) दुहेरी साच्यातील मूर्तीचे दोन्ही भाग उपलब्ध नसतील, तर केशरचनेचे वर्णन अपूर्ण समजावे.
२) साच्याची झीज, हाताने कोरलेल्या रेषा व मूळ ठसा यांतील भेद नोंदवावा.
३) मातीचा रंग, लेप, धुराचा काळेपणा व मुद्दाम दिलेला रंग यांचा स्वतंत्र विचार व्हावा. अजिंठ्याच्या चित्रांबाबत रंग ठरविताना लाखेच्या लेपाचा इतिहास दुर्लक्षू नये.
४) मस्तक व धड यांची जोडणी कडांच्या प्रत्यक्ष जुळणीवर आधारलेली असावी.
५) कालनिर्णयासाठी शिलालेखयुक्त शिल्पे व नाणी यांना अग्रक्रम द्यावा. केवळ केशरचना हा दुय्यम पुरावा मानावा.

मराठवाड्यातील वस्तुसंग्रहालयांतील प्रत्येक मृण्मय मस्तकाची पुढून, मागून व दोन्ही बाजूंनी छायाचित्रे घेऊन वरील कसोट्यांनुसार सूची तयार झाली, तर दोन हजार वर्षांपूर्वीच्या पैठण व तेरच्या नागरिकांचे जे रूप समोर येईल ते अनुमानाचे कमी आणि पुराव्याचे अधिक असेल. हाताच्या पंजात मावणाऱ्या या बाहुल्या नाजूक आहेत. त्यांच्या मस्तकावरील रेषा आणखी पुसट होण्यापूर्वी हे काम होणे निकडीचे आहे.