रसशोषक पतंग आणि बांधावरची गुळवेल

संत्रा-मोसंबीच्या आंबिया बहाराची फळे पक्व होऊ लागली, की सकाळी झाडाखाली गळालेली फळे दिसतात. आपण फवारणी करता, तरी गळ थांबत नाही. असे असेल तर एकदा बांध पाहा. या किडीची दोन बिऱ्हाडे आहेत : पतंग बागेत, अळी रानवेलीवर.

पतंग आकाराने मोठा असतो. पुढचे पंख सुकलेल्या पानासारखे, मागचे नारिंगी व त्यावर काळ्या खुणा. दिवसा तो पालापाचोळ्यात लपतो. अंधार पडल्यावर बागेत येऊन टणक सोंडेने सालीला भोक पाडतो आणि रस शोषतो. त्या बारीक छिद्रातून बुरशी व जिवाणू आत शिरतात, फळ कुजून गळते. फळ दाबल्यास छिद्रातून रस येतो. फळ कापल्यावर आत अळ्या दिसल्या, तर ती फळमाशी समजावी. पतंग साल खात नाही, सोंड थेट गरात घालतो; म्हणून फळावरच्या फवारणीचा उपयोग फारसा होत नाही.

त्याची अळी मात्र संत्र्याला तोंड लावत नाही. ती गुळवेल आणि वासनवेलीची पाने खाते. गुळवेलीची पाने गुळगुळीत, हृदयाकृती. खोडावर पुटकुळ्या, पिकलेली फळे लाल. वासनवेलीची पाने मऊ, लवदार. फळे जांभळट काळी. पानावर गडद रंगाची, अंगावर डोळ्यासारखे ठिपके असलेली, पाठ वाकवून चालणारी अळी दिसली, तर तीच ही.

पावसाळ्याच्या सुरुवातीलाच बागेतील व बांधावरील या वेली मुळासकट काढा. गुळवेल नुसती तोडून बांधावर टाकली, तर ती लावल्यासारखीच होते! झाडावर लोंबकळत राहिलेला तुकडासुद्धा दोऱ्यासारखी मुळे सोडून जमीन गाठतो. तुकडे गोळा करून वाळवा आणि जाळा.

गुळवेल औषधी आहे, त्यामुळे ती काढायला अनेकांचे मन होत नाही. काढ्यासाठी हवी तर बागेपासून दूर ठेवा. जंगलातली तोडायला जाऊ नका. शिवाय पतंग उडून येतो, त्यामुळे एकट्याने बांध साफ करून भागत नाही, शेजारच्या बागायतदारांनाही सोबत घ्या.

गळालेली फळे रोज उचलून खोल पुरा, कारण त्यांच्या वासाने आणखी पतंग येतात. सायंकाळी बागेत धूर करा व प्रकाश सापळे लावा. गूळ, फळांचा रस आणि मॅलॅथिऑन यांचे आमिष ठेवायचे असल्यास प्रमाण कृषी विज्ञान केंद्राकडून विचारून घ्या. भांडी जनावरांच्या व मुलांच्या हाती लागणार नाहीत अशी टांगा.