उत्पन्नाचा दाखला

सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामी अमलाखाली असलेल्या उमरगा तालुक्यातील मुरुमच्या रयतेस वजिफा वा इनाम ही हुजुरांची मेहेरबानी होती, अपंगाचा हक्क नव्हे. १९८० साली महाराष्ट्र शासनाने संजय गांधी निराधार अनुदान योजना आणली, तेव्हा मेहेरबानीच्या जागी नियम आला, आणि नियमामागून तलाठ्याचा दाखला. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत, म्हणजे दरमहा अवघे १,७५० रुपये, अशी मर्यादा पुढे अनेक वर्षे होती. मग ज्याचे पाय अधू परंतु हात शाबूत, त्याने साड्यांना फॉल लावण्याची चार कामे घेतली, की उमरग्याच्या तहसिलीतील पडताळणीची धास्ती आलीच. कष्टाला चोरटेपणा शिकवणारा हा हिशेब मला तरी उफराटा वाटतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील एका कलमाने दिव्यांगांचे साहाय्य इतरांहून किमान पंचवीस टक्के अधिक असावे असे सांगितले. स्वकमाईतील किती रक्कम हिशेबाबाहेर ठेवावी, याविषयी मात्र ते कलम मौन आहे.