अंतकाळीचा स्वर

बंगळूरच्या पूर्वेस, मारतहळ्ळीनजीक ‘करुणाश्रय’ ही संस्था आहे. ज्यांचा आजार बरा होण्याची आशा उरलेली नाही अशा कर्करुग्णांची शुश्रूषा तेथे विनामूल्य केली जाते. बंगळूर हॉस्पिस ट्रस्टची स्थापना १९९४ साली झाली आणि १९९९ मध्ये रुग्णांसाठी ही वास्तू सुरू झाली. वास्तुरचनाकार संजय मोहे यांच्या रचनेत दगडी भिंती आहेत आणि संथ पाणी आहे. मरणाऱ्याच्या डोळ्यांसमोर काय असावे, याचा विचार असा दगडापाण्यातून मांडता येतो. त्याच्या कानांवर काय पडावे, हा प्रश्न अधिक अवघड आहे. आणि कर्नाटकाच्या भूमीत तो फार जुनाही आहे.

बंगळूरहून सुमारे दीडशे किलोमीटरवर श्रवणबेळगोळ आहे. गोमटेश्वराच्या पायाशी कोरलेल्या ओळीमुळे ते मराठी वाचकाला परके नाही. मराठीच्या आरंभीच्या शिलालेखांत तिची गणना होते. परंतु समोरच्या चंद्रगिरीवरील लेख त्याहून कितीतरी जुने आहेत. सल्लेखनाव्रत घेऊन देह ठेवणाऱ्या साधुसाध्वींचे ते स्मरणलेख होत. बी. लुईस राइस यांनी ते १८८९ साली बंगळूरहून ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले, आणि खडकावरील ही मरणांची नोंद अभ्यासकांच्या हाती आली.

व्रतस्थ मरणाऱ्याजवळ कोणी काय करावे, हे शिवार्यांच्या ‘भगवती आराधना’ या प्राकृत ग्रंथात विस्ताराने सांगितले आहे. अशा मुनीला ‘क्षपक’ म्हणतात आणि त्याची सेवा करणाऱ्यांना ‘निर्यापक’. निर्यापकांची संख्या अठ्ठेचाळीसपर्यंत सांगितली आहे. कोणी त्याला उठवावे-बसवावे, कोणी आहारपाण्याची व्यवस्था पाहावी, कोणी दाराशी थांबून गर्दी आवरावी, आणि काहींनी केवळ धर्मकथा सांगावी, अशी ही कामांची वाटणी आहे. कथा कोणती सांगावी याचेही बंधन आहे. परमतांचे खंडनमंडन करणारी ‘विक्षेपणी’ कथा क्षपकाला ऐकवू नये. ती ऐकता ऐकता मन वादात गुंतेल आणि प्राण त्याच अवस्थेत जाईल. हे गायन नव्हे, आणि सल्लेखना म्हणजे आजारही नव्हे. तरीही येथे एक गोष्ट स्पष्टपणे ओळखलेली दिसते: जे निरोगी श्रोत्याला हितकर, ते मरणाऱ्या कानाला हितकर असतेच असे नाही.

मराठी घरांत हा विवेक नेहमी राहिला असे म्हणवत नाही. मुखात तुळशीपत्र आणि कानांवर हरिनाम, ही रीत गीतेच्या आठव्या अध्यायातील अंतकाळच्या स्मरणाच्या विचाराशी जुळणारी. ज्ञानेश्वरीने तो विचार मराठी श्रोत्यांपर्यंत पोचविला. भजनी मंडळींच्या टाळांनी घरातील भय कमी होते, रडणाऱ्यांना हातांनी करण्याजोगे काही मिळते. पण उशाशी टाळ वाजत असता अंथरुणावरच्या माणसाला ‘पुरे’ म्हणण्याची सोय नसते. तो आयुष्यभर नाट्यगीतांत रमलेला असेल, किंवा त्याला केवळ निजायचे असेल. गाणे त्याच्यासाठी आहे की जमलेल्यांसाठी, असे विचारणे त्या घडीला उद्धटपणाचे वाटते. म्हणून कोणी विचारीत नाही.

आधुनिक उपशामक वैद्यकाने हाच प्रश्न विचारला. डॉ. बॅलफोर माउंट यांनी माँट्रियलच्या रॉयल व्हिक्टोरिया रुग्णालयात १९७५ साली अशा रुग्णांसाठी विभाग सुरू केला. तेथील संगीतोपचारक सुसान मन्रो यांच्यासह त्यांनी १९७८ साली या विषयावर निबंध प्रसिद्ध केला. या उपचारपद्धतीत रुग्णाची आवड आधी विचारून घेतात. त्याच्या श्वासाची गती पाहून स्वर मंद करतात, थांबवतातही. नको असलेले गाणे वेदनेत भर घालू शकते, हे तिचे गृहीत आहे. व्हँकूव्हर येथील शुश्रूषागृहात झालेले आणि २०२० साली प्रसिद्ध झालेले संशोधन या सावधगिरीला बळ देते. प्रतिसाद देईनाशा झालेल्या काही मरणासन्न रुग्णांचे मेंदू स्वरांतील बदल टिपत होते, असे विद्युत्-आलेखांत आढळले. त्यांना अर्थ कळत होता असे त्यावरून सिद्ध होत नाही. पण ‘आता त्यांना काय ऐकू येणार’ असे म्हणून खाटेपाशी वाटेल ते बोलण्याची मुभा मात्र त्यामुळे उरत नाही.

पाश्चात्त्य देशांत मृत्युशय्येपाशी हार्प वाजविणारे काही वादक ठेक्याचे बंधन सोडून श्वासामागून जातात. आपल्या संगीतशास्त्रात तालरहित गायनाला ‘अनिबद्ध’ ही संज्ञा शतकानुशतके आहे. आलापाला समेवर येण्याची घाई नसते, शब्दांचा आग्रह नसतो. तो कुठेही थांबला तरी अपुरा वाटत नाही. टाळ-मृदंगाच्या गजरापेक्षा तो या प्रसंगाला अधिक जवळचा मानावा लागेल.

मिरजेस राहणारे उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचे संगीतासाठी म्हैसूरकडे जाणेयेणे असे. १९३७ च्या ऑक्टोबरात मद्रासहून पाँडिचेरीस जाताना गाडीत त्यांच्या छातीत दुखू लागले. सिंगपेरुमाळकोइल या लहान स्थानकावर ते उतरले. फलाटावर बिछाना घालून घेतला, नमाज अदा केली, आणि दरबारीच्या स्वरांत प्रार्थना गात त्यांनी प्राण सोडला, असे सांगितले जाते. तेथे त्यांच्यासाठी राग निवडणारे दुसरे कोणी नव्हते. मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे. उरुसाच्या दिवसांत गवई तेथे जमतात आणि गाऊन हजेरी लावतात.