धूळपाटी, परवचा आणि अंगण

श्रोतेहो, कोणत्याहि विद्येच्या पहिल्या पाठास आपण ‘धुळाक्षरें’ म्हणतों. या शब्दांत एक जुनी शाळा लपलेली आहे. फळीवर बारीक धूळ पसरावी, तींत बोटानें किंवा काडीनें अक्षर रेखावें, आणि चुकल्यास हात फिरवून पाटी पुन्हां कोरी करावी. कागद दुर्मिळ होता. चूक मात्र फुकट होती. नवशिक्या मुलास याहून मोठी सवलत कोणती?

परंतु हातापूर्वीं कान तयार व्हावा लागतो, आणि ही तयारी घरांत होत असे. पहांटे जात्यावरची ओवी कानीं पडे. दिवेलागणीस परवचा चाले: वार, तिथि, महिने, नक्षत्रें, पाढे, पावकी, निमकी. सागरगोटे व चिंचोके यांवर मोजणी होई. रांगोळीचे ठिपके जोडतांना बोटांस वळण लागे. शब्दांतील ध्वनि वेगळे ओळखतां येणें हा वाचनाचा पाया आहे, असें आजचें शिक्षणशास्त्र सांगतें. आमच्या घरांचा हेतु धर्माचा व व्यवहाराचा होता. पण पाया तोच घातला जात होता.

याचें फळ रत्नागिरीच्या इतिहासांत दिसतें. १८३२ सालीं ‘दर्पण’ काढणारे बाळशास्त्री जांभेकर मूळचे पोंभुर्ल्याचे. तें गांव त्या काळीं रत्नागिरी जिल्ह्यांत होतें, आज सिंधुदुर्गांत आहे. त्यांचे पहिले गुरु म्हणजे त्यांचे पुराणिक वडील गंगाधरशास्त्री. १८५६ सालीं रत्नागिरींत जन्मलेल्या टिळकांचे वडील गंगाधरपंत स्वतः शिक्षक होते. श्लोक पाठ केल्यास बाळास एक पै मिळे, अशी आठवण सांगतात. पै म्हणजे रुपयाचा १९२ वा भाग. पण विद्येला घरांत मोल आहे, हें मुलास कळण्यास ती पुरेशी होती.

तिसरें घर आंबडव्याच्या रामजी सकपाळ यांचें. अस्पृश्य मानलेल्या जातींतील हे गृहस्थ लष्करी शाळेचे मुख्याध्यापक झाले. निवृत्तीनंतर हें कुटुंब कांहीं काळ दापोलीस होतें. वडील आपल्याकडून रामायण-महाभारत वाचून घेत, आणि बहिणी व घरीं जमलेली मंडळी तें ऐकत, असें डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं पुढें लिहून ठेविलें आहे. अक्षराचा वारसा रक्तानें येत नाहीं, संधीनें येतो, याचें याहून स्पष्ट उदाहरण नको. लष्करानें एका बापास वाचावयास शिकविलें, आणि त्या घरांतून राज्यघटनेचा शिल्पकार निघाला.

मग ज्यांच्या बापास कोणींच शिकविलें नाहीं, त्यांचें काय? घरोघरीं मुलींचे कान ओव्यांनीं तयार होत. पाटी मात्र बहुधा भावाच्या हातीं जाई. ज्यांच्या घरीं पोथीच नव्हती, त्यांची गोष्ट तर याहून अवघड.

याचें उत्तर कोंकणच्याच उत्तर टोकास मिळालें. १९४५ सालीं ताराबाई मोडकांनीं बोर्डी येथें ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलें. अनुताई वाघ त्यांस येऊन मिळाल्या. १९५७ पासून हें कार्य कोसबाडच्या टेकडीवर वाढलें. मुलें शाळेंत येत नाहींत, तर शाळाच त्यांच्या अंगणांत न्यावी, हा त्यांचा विचार. बिया, पानें, शिंपले, खडे हींच तेथील साधनें. गुरें चारणाऱ्या मुलांसाठीं कुरणशाळा निघाली. ‘अंगणवाडी’ हा शब्द याच प्रयोगांतला. २ ऑक्टोबर १९७५ रोजीं सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेमुळें तो देशभर गेला.

श्रोतेहो, आपल्या घरीं पुस्तकें आहेत, दिवा आहे. धान्य निवडतांना दाणे मोजवावे, बाजाराच्या यादींतलें एखादें अक्षर ओळखावयास द्यावें, निजतांना गोष्ट वाचून दाखवावी. यास वेगळा खर्च नाहीं. आणि घरीं कामास येणाऱ्या बाईचें मूल ओसरीवर बसलें असेल, तर त्यासहि आंत बोलवावें. गोष्ट दोघांनीं ऐकली म्हणून ती अर्धी होत नाहीं.