हलवाऱ्याची संध्याकाळ



जवाहरनगरच्या आयुध निर्माणीमुळे आपल्या भंडारा जिल्ह्याला लढाईच्या सामानाची ओळख आहे. ते सामान वापरणाऱ्या माणसांची ओळख मात्र इतिहासाच्या पुस्तकात फारशी होत नाही. १९६५ च्या युद्धाला तिथे जेमतेम काही ओळी मिळतात, म्हणून ही एक हकिगत.

६ सप्टेंबर १९६५. त्याच सकाळी आपले सैन्य लाहोरच्या दिशेने सीमेपार गेले होते. संध्याकाळी पाकिस्तानी सेबर विमाने पंजाबातील आपल्या हवाई तळांवर चालून आली. पठाणकोटला त्यांना हवेत अडवायला कोणी नव्हते. तिथे आपली १० विमाने जमिनीवरच नष्ट झाली.

हलवाऱ्याला मात्र हंटर विमाने आकाशात गस्त घालत होती. एका जोडीत पी. एस. पिंगळे आणि ए. आर. गांधी होते. तीन सेबर विमाने मावळत्या उजेडात आली. पिंगळे यांचे विमान पहिल्याच झटापटीत पडले. गांधीही झुंजले आणि त्यांचेही विमान गेले. दोघे हवाई छत्रीने उतरले. तोवर राठोड आणि नेब यांची दुसरी जोडी धावून आली. तीनपैकी एकच सेबर परत गेले.

पाकिस्तानी तुकडीचा प्रमुख सरफराज रफीकी तिथेच मारला गेला. तोफा बंद पडूनही तो साथीदारांच्या पाठीशी थांबला, असे पाकिस्तानी वृत्तांत सांगतात. शत्रूचे धैर्यही इतिहासात नोंदवायलाच हवे.

विमानांचा हिशेब मांडला तर दोनास दोन, म्हणजे बरोबरी. पण पठाणकोटसारखी राख हलवाऱ्याला झाली नाही. शौर्य दोन्ही तळांवर होते. फरक एवढाच, की एका तळावर हल्ल्याच्या घटकेला पहारेकरी आकाशात होते.

पिंगळे पुन्हा विमानात बसले. दहाच दिवसांनी, १६ सप्टेंबरला, त्यांनी एक सेबर पाडले. त्या झुंजीत त्यांचे साथीदार बुन्शा परतले नाहीत. पिंगळे, गांधी, राठोड आणि नेब या चौघांनाही वीरचक्र मिळाले.

शाळेत आपण सनावळ्या पाठ केल्या. आज आपली नातवंडे त्या पाठ करत असतील, तर त्यांना एवढे जरूर सांगावे: पिंगळे पहिल्या दिवशी पडले होते, आणि तरीही वीरचक्राच्या यादीत त्यांचे नाव आहे.