सूर्यप्रकाशाने सांडपाणी शुद्ध करण्याचा इतिहास



आपल्या शहापूर तालुक्यातील तानसा तलावाचे पाणी १८९२ पासून मुंबईची तहान भागवीत आहे. याच तालुक्यातील कित्येक पाडे मात्र वैशाखात टँकरची वाट पाहतात. तेव्हा बिघडलेले पाणी पुन्हा शुद्ध कसे करावे, हा प्रश्न किन्हवलीच्या माणसाला परका वाटू नये.

पेट्रोलमध्ये उसाच्या मळीपासून काढलेले इथेनॉल मिसळतात, हे आपण जाणताच. महाराष्ट्रात त्याची चाचणी २००१ साली मिरज व मनमाड येथे झाली. परंतु मळीपासून एक लिटर इथेनॉल काढताना सुमारे दहा ते पंधरा लिटर काळपट सांडपाणी उरते. ते ओढ्यात सोडले तर पाण्यातील प्राणवायू संपतो, मासे मरतात व विहिरी बिघडतात.

यावरील एका उपायाचे मूळ जपानमध्ये आहे. १९६७ साली टोकियो विद्यापीठातील फुजिशिमा या विद्यार्थ्याने पाण्यात ठेवलेल्या टिटॅनियम डायऑक्साइडवर प्रकाश पाडला आणि बुडबुडे निघू लागले. पाण्याचे विघटन होत होते! त्यांचे गुरू होंडा यांच्यासह हा शोध १९७२ साली प्रसिद्ध झाला. भिंतीच्या पांढऱ्या रंगात असते तेच हे द्रव्य. त्यावर अतिनील किरण पडले की पाण्यात अत्यंत क्रियाशील कण निर्माण होतात व घाणीचे रेणू फोडतात. द्रव्य स्वतः खर्च होत नाही. म्हणून त्यास उत्प्रेरक म्हणतात.

आपल्याकडे माटुंग्याच्या रासायनिक तंत्रशास्त्र संस्थेत प्रा. पांगरकर व सहकाऱ्यांनी २००१च्या सुमारास सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने पाण्यातील फिनॉल नष्ट करण्याचा अभ्यास केला.

मग कारखान्यांतून हा उपाय सर्रास का दिसत नाही? कारण मळीचे सांडपाणी इतके गडद असते की किरण वरच्या थरातच अडतात. शिवाय सूर्यप्रकाशात अतिनील भाग शेकडा पाचच्या आसपास. म्हणून आधी जिवाणूंकडून बायोगॅस काढून घाण कमी करावी आणि उरलेला रंग काढण्याचे काम प्रकाशाकडे द्यावे, हा क्रम योग्य ठरतो. हे शेवटचे काम अद्याप बहुतांशी प्रयोगशाळेतच आहे.

पालकहो, ही अर्धी राहिलेली वाट कोणी तरी पुरी करावयाची आहे. बुडबुडे प्रथम पाहणारा फुजिशिमाही विद्यार्थीच होता. आपला मुलगा किंवा मुलगी रसायनशास्त्र शिकू म्हणेल, तर अडवू नका.