‘काम बंद करण्यात आले’

कामगारांच्या सभा भरविण्यात ज्यांची हयात गेली त्यांनी या व्याख्यानमालेत व्याकरणावर बोलावे, याचे काही श्रोत्यांना नवल वाटले असेल. आमचे शाळेतले शिक्षण अर्ध्यावर राहिले. व्याकरण आम्ही शिकलो ते पुढे, अर्ज आणि तक्रारी लिहिता लिहिता. पण आज ज्या रूपाविषयी सांगावयाचे आहे, त्याच्यावर कामगाराची रोजी अडलेली आम्ही पाहिली आहे.

हे रूप म्हणजे ‘णे’ प्रत्यय लागून होणारे धातुसाधित नाम : करणे, जाणे, वाचणे. इंग्रजीच्या तासाला ‘जेरंड’ म्हणून जे घोकावे लागते, त्याचाच हा मराठी भाऊबंद. ‘वाचन’ हे संस्कृत घराण्यातले नाम आणि ‘वाचणे’ हे मराठी, पण दोघांची वागणूक निराळी. आपण ‘पुस्तकाचे वाचन’ म्हणतो आणि ‘पुस्तक वाचणे’ म्हणतो. ‘वाचन’ पुरते नाम झाले, त्याला षष्ठीची गरज लागते. ‘वाचणे’ मात्र नाम होऊनही क्रियापदाचे हक्क सोडीत नाही. ते कर्म घेते, क्रियाविशेषण घेते आणि कर्ताही घेते : ‘मुलाने मोठ्याने पुस्तक वाचणे बरे.’ शिवाय नामाप्रमाणे विभक्तीही चालवते : वाचण्यास, वाचण्याने, वाचण्यात.

मराठीचे छापील व्याकरण विल्यम केरी यांनी १८०५ साली बंगालमधील श्रीरामपुरास वैजनाथ पंडितांच्या साह्याने सिद्ध केले. मराठी माणसाने मराठीत लिहिलेले दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे व्याकरण १८३६ साली निघाले, आणि मोरो केशव दामल्यांचा मोठा ग्रंथ १९११ साली. मोल्सवर्थसाहेबांच्या कोशात क्रियापद शोधावयाचे तर ते याच ‘णे’ रूपाखाली शोधावे लागते. कोशात क्रियेला एकटे उभे करावयाचे म्हणून कर्ता तेथे नसतो, आणि ते योग्यच आहे.

अडचण झाली ती हे रूप कचेरीत गेल्यावर. ‘ण्यात’ला ‘येणे’ जोडले की ‘करण्यात येत आहे’ अशी रचना होते. मध्यप्रांत-वऱ्हाडात १९५० च्या कायद्याने हिंदीबरोबर मराठी राजभाषा झाली. पुढे १९६४ चा महाराष्ट्र राजभाषा अधिनियम आला. मराठी कचेरीत आली याचा आम्हांस अभिमान आहे. पण इंग्रजी मसुदे समोर ठेवून लिहिताना या रचनेचा सुकाळ झाला. हुकूम दिसतो, हुकूम देणारा दिसत नाही.

यात बिघडले काय, हे आपल्या गावच्याच इतिहासावरून पाहू. नागपुरात एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. त्याच वर्षी तेथील विणकरांनी मजुरीच्या दरावरून काम बंद केले. देशातील नोंदलेल्या अगदी पहिल्या संपांत त्याची गणना होते. आता हेच वाक्य कचेरीच्या भाषेत लिहा : ‘मिलमध्ये काम बंद करण्यात आले.’ विणकर नाहीसे झाले! हा संप होता की मालकाची टाळेबंदी, हे वाक्यावरून कळावयाचा मार्ग उरला नाही.

आम्ही उमेदवारीच्या काळात असताना एका कारखान्याच्या फाटकावर नेमकी अशीच नोटीस लागली. बंद दिवसांची मजुरी मिळणे न मिळणे, काम कोणी थांबविले यावर ठरणार होते. आम्ही रातोरात पत्रक काढले आणि ऐटीत लिहिले : ‘या कृत्याचा तीव्र निषेध करण्यात येत आहे.’ सकाळी एका वयस्क साच्यावाल्याने नोटीस वाचून घेतली, मग पत्रक वाचून घेतले आणि विचारले, ‘बंद करन्यात आलं म्हनते, पण बंद केलं कोनं जी? आन् निषेध तरी कोन करून राह्यलं?’ आम्ही निरुत्तर झालो. मालकाने आपले नाव लपविले होते, आणि आम्हीही तेच केले होते. आम्हांला पत्रकाखाली सह्या घालावयाची भीती वाटत होती, हे आज कबूल करतो.

दुसरे पत्रक आम्ही असे लिहिले : ‘आम्ही सकाळच्या पाळीला कामावर आलो. व्यवस्थापनाने फाटकाला कुलूप लावले होते. आम्ही याचा निषेध करतो.’ खाली नावे लिहिली. पहिली सही त्या साच्यावाल्याची होती, दुसरी आमची. मग कागद पुरेना.

‘णे’ रूपाचा येथे दोष नाही. त्याच्याशेजारी कर्ता बसू शकतो, हे वर पाहिलेच : ‘मालकाने कुलूप लावणे’, ‘कामगारांनी संप करणे’. कर्ता गळतो तो लिहिणाऱ्याच्या हातून, कधी सवयीने, कधी भीतीने, कधी मुद्दाम. म्हणून श्रोत्यांना एवढेच सांगणे आहे : वीजबिलावर, शाळेच्या सूचनेत, नगरपालिकेच्या फलकावर ‘करण्यात येत आहे’ दिसले की त्या साच्यावाल्याचा प्रश्न विचारा. आणि स्वतः लिहाल तेव्हा त्याचे उत्तर आधीच लिहून ठेवा.